सु. क.

चौकाचा अजून पायासुद्धा खणला नव्हता, पण चौकातला कॅरम बोर्ड घरी येऊन तीन दिवस झाले होते. हॉलमधल्या सोफ्यामागं तो उभा होता, अंगावरचा प्लॅस्टिकचा कागदही न काढलेला. रोज केर काढताना मंगल त्याला बाजूला ठेवायची आन् केर झाला की परत जागेवर आणायची. सासऱ्याची वस्तू. जोतीराम आबा फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली, पण वस्तू दोन बोटं सरकलेली दिसली की ते अजून चौकशी बसवायचे.

बोर्ड आणायचं कारण नकाशात होतं. पलूसात तहसील कचेरी आन् एसटी स्टँडच्या मधे मुळीकांची सहा गुंठे जागा. आबांचे वडील धुळाबापू वारल्यापासून रिकामी. रिकामी म्हणजे घरच्यांच्या लेखी. गावातल्या पुरुषांनी तिचा वापर एक दिवस थांबवला नव्हता. भिंतीवर 'येथे लघवी करू नये' लिहिलं, तर लोक ते वाचत वाचत करायचे. मग मंगलच्या नवऱ्यानं, ऋषिराजनं, भिंतीला देवांच्या फरश्या चिकटवल्या. लोकांनी दोन फरश्यांच्या मधली जागा शोधून काढली.

आता ऋषिराजला वॉर्डातनं उभं राहायचं होतं. त्यामुळं जागा नगरपरिषदेला द्यायची, तिथं 'कै. धुळाबापू मुळीक चौक' व्हायचा आन् त्या चौकातनं ऋषिराज थेट नगरपरिषदेत जायचा, असं घरात ठरलं. धाकटा यशराज पुण्यात आर्किटेक्ट. नकाशा त्यानं फुकटात काढला. त्याच नकाशाच्या मागच्या कोपऱ्यात एक चौकोन होता आन् चौकोनात दोन अक्षरं. सु. क.

आबांनी चष्मा लावून ती अक्षरं वाचली आन् त्यांचा ऊर भरून आला. सुभेदार कक्ष. लेकानं न बोलता बापासाठी खोली काढली होती. तीन दिवसांत ही बातमी पलूसच्या वेशीबाहेर गेली. नऊ माजी सैनिकांना कॅरमचं आमंत्रण झालं. एक हवालदार तर आष्ट्यावरनं यायचा म्हणाला, त्याला फक्त राणी आपल्या बाजूला पाहिजे होती.

सु. क. म्हणजे काय, हे घरात दोघांनाच माहीत होतं. एक यशराज, ज्यानं ते लिहिलं. दुसरी मंगल, जिनं ते लिहायला लावलं.

मंगलचं पिको-फॉलचं दुकान त्या जागेच्या बरोब्बर समोर. सकाळी दहाला शटर वर, संध्याकाळी सहाला खाली. मधल्या आठ तासांत ती पाणी प्यायची दोन घोट, तेही ओठ ओले करायला. कारण पलूसात बाईला बसायला जागा नव्हती. बाईला जावं लागतं हेच पलूसला ठाऊक नसल्यासारखं होतं. मागच्या उन्हाळ्यात तिला थंडी वाजून ताप आला. सांगलीचा डॉक्टर म्हणाला, रोज तीन लिटर पाणी प्या आन् लघवी तुंबवू नका. मंगल हसली होती. डॉक्टरला वाटलं, बाई खुशमिजास हाय.

दिवाळीत यशराज आला तवा ती त्याला दुकानात घेऊन गेली. तासभर स्टुलावर बसवून समोरची जागा दाखवली. तहसीलात दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या, कुपवाडच्या कंपनीची गाडी धरायला थांबलेल्या पोरी, सगळ्या उभ्या. "भावजी, तुमी जागेचा अभ्यास करता न्हवं? ह्याचा करा," ती म्हणाली. यशराजच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुण्याला शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांत लवकर येतं. त्यानं शब्द दिला, चार संडास आन् हात धुवायची जागा काढतो म्हणून. काढलेही. फक्त त्यावर 'सुविधा कक्ष' लिहायला त्याचा हात अडला, म्हणून 'सु. क.' लिहिलं. आन् बापाची चूक कळल्यावर ती दुरुस्त करायला त्याची जीभ अडली.

"सांगितलंसा का आबांना?" रविवारी सकाळी तिनं त्याला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"प्रेझेंटेशनमध्ये ओघात येईल, वहिनी."

"ओघात? बरं. बघू कुणीकडं व्हातोय."

अकराला बैठक बसली. संमतीपत्र टीपॉयवर, त्यावर शाईचा पॅड. सोमवारी ते नगरपरिषदेत द्यायचं होतं आन् जागेला वारस दोनच, आबा आन् त्यांची थोरली बहीण बनुबाई. आबांची सही झाली होती. बनुबाईचा अंगठा बाकी होता. त्याची कुणाला काळजी नव्हती; बाकीच्या जमिनीच्या हक्कसोडीवर बनुबाईनं चाळीस वर्षांपूर्वी एका लुगड्याच्या बदल्यात अंगठा दिला होता. नवरा गेल्यापासून ती भावाकडंच राहायची, दाराजवळच्या खुर्चीत बसून लसूण सोलायची आन् सगळ्यांना वाटायचं तिला ऐकू कमी येतं.

शेजारचे बाहुबली अण्णा पण आले होते. त्यांचं खतांचं दुकान जागेला लागून, म्हणजे उद्या त्यांनी हरकत घेतली तर चौक कागदावरच राहायचा. म्हणून त्यांना सोफ्याचा मधला भाग आन् काजू.

यशराजनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीवर पलूस आलं. असं पलूस कुणी बघितलं नव्हतं. हिरवळ, पायऱ्या, सावलीची झाडं, एक गोरी बाई कुत्रं घेऊन चाललेली, एक पोरगं फुगा धरून पळतंय.

"ही कोण?" आबांनी विचारलं.

"ती अशीच, आबा. स्केल कळावा म्हणून."

"पलूसची न्हाई ती," बाहुबली अण्णा म्हणाले. "पलूसात कुत्र्याला कुणी धरत न्हाई. कुत्रंच माणसाला धरतंय."

यशराज बोलायला लागला. सार्वजनिक जागा म्हणजे शहराची बैठकीची खोली असते. जागेला भिंत नको, गेट नको, कुणालाही कुठनंही येता आलं पाहिजे. लोक जिथं थांबतात तिथं त्यांचा समाज तयार होतो. मंगल ओट्याजवळनं ऐकत होती. तिला पटत होतं सगळं. माणूस बोलतो चांगलं, तिला वाटलं, आता तेवढं एक वाक्य बोल बाबा.

"कमान कुठाय?" ऋषिराजनं विचारलं.

"कमान नाहीये, दादा."

"कमान न्हाई म्हंजी? नाव कुठं लावायचं मग? त्या कुत्र्याच्या गळ्यात?"

"नाव एका दगडावर, खाली, पायरीच्या—"

"आज्ज्याचं नाव पायाखाली? आरं, मला मतं पाहिजेत का लाथा? आन् 'आय लव्ह पलूस'ची लायटिंगची अक्षरं पण न्हाईत. लोकांनी फोटो कशापुढं काढायचा?"

"दादा, जागा वापरायला असते. फोटोला नसते."

"कोण म्हणतंय?"

बाहुबली अण्णांनी काजू चावत आपलं घोडं पुढं दामटलं. "माझं येवढंच म्हणणं हाय, माझ्या दुकानापुढं बाकडी नकोत. बाकडं आलं की रिकामटेकडी पोरं आली, पोरं आली की मोबाईलवरची गाणी आली. मी खतं इकायची का ती ऐकायची?"

"अण्णा, बाकडी नाहीतच. पायऱ्या आहेत."

"म्हंजी चढून बसणार. आणखीनच दिसणार."

आबा इतका वेळ गप्प होते, कारण त्यांना एकाच चौकोनात रस होता. ते उठले, टीव्हीजवळ गेले आन् बोट ठेवलं.

"यशा, ह्यो सुभेदार कक्ष जरा मोठा कर. धा बाय आठात नऊ फौजी कसं मावत्याल? आन् ह्या मधल्या भिंती कशाला काढल्यास? चार खोपटी झाल्यात. एकेकाला येगळी खोली दिल्यावर कॅरम कसा खेळायचा?"

यशराजचा चेहरा टीव्हीतल्या गोऱ्या बाईसारखा झाला. मंगलनं चहाची पातेली खाली उतरवली. ओघ आला होता.

"ते... आबा, ते प्रायव्हसीसाठी आहे."

"फौजेत प्रायव्हसी नस्ती. आन् प्रत्येक खोपटात हे लांबट गोल कसलं? खुर्च्या?"

"बसायचंच आहे ते," यशराज म्हणाला. हे खोटं नव्हतं, म्हणून त्याला जरा बरं वाटलं असावं.

"मग भिंतीकडं तोंड करून कशाला बसायचं? आन् दाराला आतनं कडी?"

बनुबाईनं लसणाची पाटी खाली ठेवली. उठली, पदर सावरत टीव्हीच्या पार जवळ गेली, आन् डोळे बारीक करून नीट बघितलं.

"जोत्या," ती म्हणाली, "मला अक्षर वळखू येत न्हाई, पर भांडं वळखू येतंय. ती खुर्ची न्हाई बाबा. संडास हाय त्यो."

बाहुबली अण्णांनी हातातला काजू परत बशीत ठेवला.

आबांनी यशराजकडं बघितलं. "सु. क. म्हंजी काय?"

"सुविधा कक्ष," यशराज जमिनीकडं बघून म्हणाला.

"आन् मी नऊ माणसांना तिथं बोलवून बसलोय?"

"येत्याल की," बनुबाई खुर्चीकडं परत जाता जाता म्हणाली. "एकेक करून यावं लागंल येवढंच."

ऋषिराज ताडकन उठला. "वेडा हायस का रं यशा? उद्या विरोधक काय म्हणत्याल? आज्ज्याच्या नावाचा चौक आन् आत मुतारी. मुळीकांची मुतारी. ह्येच पडणार नाव, लिहून ठेव. प्रचाराला गेलो की पोरं मागनं वरडत्याल."

"बापाच्या नावाखाली ही वस्तू व्हणार न्हाई," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. फौजेतला माणूस खरा रागावला की आवाज खाली येतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

यशराजनं लॅपटॉप ओढला. "ठीक आहे. मी तो ब्लॉक काढून टाकतो. तिथं झुडपं दाखवतो. हे आपण फेज टूमध्ये बघू."

माऊसच्या दोन टिचक्या वाजल्या. टीव्हीवरचा चौकोन गेला आन् तिथं हिरवी, गोल, कातरलेली झुडपं उगवली. दिवाळीतला शब्द, तासाभराचं स्टूल, डोळ्यांतलं पाणी, सगळं त्या झुडपांखाली गेलं.

मंगल चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिच्या माहेरी, साताऱ्याकडं, म्हणायचे की ह्या पोरीचा राग पायातनं येतो. ट्रे टीपॉयवर आपटला नाही तिनं, पण कप आपापसात बोलले.

"भावजी, फेज टू म्हंजी कवा?"

"वहिनी, निधी आला की."

"म्हंजी न्हाई. असंच म्हणा की मग. मराठीत न्हाईला दोनच अक्षरं लागत्यात. आन् तुमची ती कुत्रंवाली बाई. सकाळपास्नं हिंडतीया टीव्हीत. ती जाती कुठं?"

"मंगल," ऋषिराज दात आवळून म्हणाला, "अण्णा बसल्यात."

"बसू देत की. बसायला मिळतंय ती बसत्यात. मी आठ वर्सं त्या जागेम्होरं दुकान लावतीया. धा ते सा पाणी पीत न्हाई. मागं ताप आला तवा तुमीच नेलं न्हवं सांगलीला? डॉक्टरनं काय सांगितलं, आठवतंय?"

"मग घरी येऊन जायचं की."

"दोन किलोमीटर. येक गाडी, ती तुमच्या बुडाखाली."

आबा खिडकीबाहेर बघत होते. सुनेनं सासऱ्यापुढं हे बोलायचं नसतं, आन् सासऱ्यानं ऐकायचं नसतं, म्हणून ते न ऐकल्यासारखं करत होते. पण कान लाल झाले होते.

बाहुबली अण्णांनी चहाचा कप उचलला.

"आमची सून त्रिशला दुकानात बसती न्हवं," ते कपाला सांगावं तसं म्हणाले. "दुपारी शटर वढून घरला जाती. तासभर. मला वाटायचं, टीव्ही बघाया जाती. मी लय बोललो तिला त्यावरनं." मग कप खाली ठेवला. "माझं येवढंच म्हणणं हाय, दार माझ्या दुकानाकडं नको. मागच्या बाजूनं ठिवा. मग माझी हरकत न्हाई. ती पायऱ्यांची पण सोडतो."

ऋषिराज बसला. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडली. त्याच्या डोक्यात मतदारयादी चाललीय हे नवऱ्याला अठरा वर्षं ओळखणाऱ्या बाईला दिसत होतं.

"तसं बघितलं," तो म्हणाला, "तर वॉर्डात निम्म्यावर बायकाच हायत."

"निम्म्यावर?" मंगल म्हणाली. "कवा आल्या म्हणं?"

"आबा, इचार करायला हरकत न्हाई. महिलांसाठी खास. बॅनरला लय भारी दिसंल."

"नाव," आबा खिडकीकडंच बघत म्हणाले. "पलूसात पाटीबिगर येक इट बसत न्हाई. बाकड्याला नाव, पाणपोईला नाव, स्मशानातल्या शेडला नाव. ह्याला येगळं नाव दिलं न्हाई, तर लोक चौकाचंच देणार. माझ्या बापाचं."

हे मात्र खरं होतं. मग घरातले मेलेले लोक एकेक करून बाहेर काढले गेले. धाकटे चुलते? ऋषिराजनं विचारलं.

"युद्धात गेलाय त्यो. त्येचं नाव मुतारीला?" आबा म्हणाले.

मग पलीकडच्या घरातले चुलते, दारूनं गेले ते?

"दारूनं गेला म्हणून काय झालं. त्येला पण इज्जत हाय."

"आईचं?" यशराज हळूच म्हणाला. त्याच्याकडं दोघांनी असं बघितलं की त्यानं लॅपटॉपची बॅटरी तपासली.

मंगल हात बांधून उभी होती. ह्या खानदानात जितके मेले तितके थोर होते. जाण्याची गरज पडलेला एकही पूर्वज त्यांना सापडत नव्हता.

"माझं घाला," बनुबाई म्हणाली.

आबा वळले. "आक्का, तुला कळत न्हाई ह्यातलं. पाटीवर कै. असतंय. कैलासवासी. मेलेल्याचं नाव लागतंय. तू जित्ती हायस."

"मग कै. लिवा. मी काय वाचतीया व्हय?"

"आपशकुन असतोय त्यो."

"आपशकुन," बनुबाई म्हणाली. लसणाची एक पाकळी सोलून झाली. "जोत्या, मी धा वर्साची असल्यापास्नं दिस मावळायची वाट बघाया शिकले. सासरी शिवारात जायचं, तेबी अंधार पडल्याव. माझं निम्मं आयुष्य थांबण्यात गेलंय. त्यापुढं तुझं ते येक अक्षर काय जड हाय? लिव."

"आक्का—"

"तवा लुगड्याव अंगठा दिला. आता ह्याव देती. न्हाईतर घ्या तुमचा पॅड, आन् कुत्र्याला हिंडवा टीव्हीत."

घरातल्या सगळ्यांना एकदम आठवलं की अंगठा अजून झालेला नाही.

ऋषिराजनं झटकन कागद पुढं केला. "आबा, घ्या लिहून. पेंटरला तसंच देतो. नंतर बघू."

आबांनी पेन घेतलं. त्यांचं अक्षर फौजी, एकेक ठोकून बसवलेलं. त्यांनी 'कै' लिहिलं. पुढं टिंब द्यायचं होतं, ते दिलं नाही. समोर बहीण बसली होती, चहात खारी बुडवून खात. खारीचा तुकडा कपात पडला, तो तिनं बोटानं काढून तोंडात टाकला. आबा बघत राहिले. हिच्याच पाठुंगळी बसून ते शाळेत गेले होते, असं मंगलनं ऐकलं होतं. आबांनी ते कधी सांगितलं नव्हतं. बनुबाईनंच सांगितलं होतं, लसूण सोलता सोलता.

त्यांनी 'कै'वर काट मारली. एकदा, मग परत एकदा, कागद फाटेपर्यंत.

"यशा."

"हां, आबा?"

"झुडपं काढ ती. माझी खोली परत आण."

"तुमची?"

"सु. क. हाय तसं ठेव. पाटीवर तेवढंच लिवायचं. म्होरं माझं नाव."

"पण आबा," ऋषिराज म्हणाला, "तुमी जित्ते हायसा. आन् लोक इचारत्याल, सु. क. म्हंजी काय?"

"सुभेदार कक्ष म्हणून सांगायचं. नऊ माणसांना मी तेच सांगितलंय. मी शब्द फिरवत न्हाई." मग सुनेकडं न बघता, पण तिलाच ऐकू जाईल असं बोलले, "आन् कडी आतनं पक्की पाहिजे. तपासणीला मी सोता येणार. बांधून झाल्याव. वापरायच्या आधी."

बनुबाईनं अंगठा पॅडवर दाबला, कागदावर उठवला आन् निळं बोट पुसायला काही दिसेना म्हणून सोफ्यामागच्या कॅरम बोर्डच्या प्लॅस्टिकला पुसलं. आबांनी बघितलं. चौकशी बसली नाही.

"बोर्डाचं काय करायचं?" बाहुबली अण्णांनी जाता जाता विचारलं.

"पायरीवर खेळू," आबा म्हणाले. "तुमच्या दुकानाम्होरं."

लग्नसराई होती, त्यामुळं मंगलला रविवारीही दुकान उघडायचं होतं. बारा वाजून गेले होते. यशराज तिच्यामागनं जिन्यापर्यंत आला. "वहिनी, मी मांडणारच होतो तो मुद्दा," तो म्हणाला. "फक्त योग्य वेळ—"

"मांडला की भावजी. झुडपं लय चांगली होती," मंगल म्हणाली आन् त्याला तिथंच ठेवून स्वयंपाकघरात गेली.

माठातनं तिनं बाटली भरली. काठोकाठ, झाकण लावताना दोन थेंब बाहेर सांडले. आठ वर्षांत पहिल्यांदा एवढी. दारापर्यंत गेली. मग आठवलं, अजून नगरपरिषदेची मंजुरी यायची होती, मग टेंडर, मग निवडणूक, मग पाया.

ती मागं फिरली, कढीपत्त्याच्या कुंडीत अर्धी बाटली ओतली आन् दुकानाला गेली.